डिस्क्रेपन्सी : विसंगती की तफावत?

भाषांतर करणारी : आमच्या सोसायटीच्या लेखापरीक्षण अहवालाचं मराठी करतेय. रोकडवही आणि पासबुक यांत ५४० रुपयांची 'डिस्क्रेपन्सी' निघाली. मी 'विसंगती' लिहिलं, तर खजिनदार काका दुखावले. "म्हणजे मी घोटाळा केला का?" 'फरक' लिहा म्हणतात. पण फरक कुठल्याही दोन गोष्टींत असतो. इथे आकडे जुळायलाच हवे होते, ते कसं आणू?

निवृत्त कॅशियर : तफावत. आमच्या शाखेत दुसरा शब्दच नव्हता.

संस्कृतवाले : मुळाकडे जा. लॅटिन 'क्रेपारे' म्हणजे कडकड वाजणं, 'डिस्क्रेपारे' म्हणजे बेसूर वाजणं. तबल्याची संगत सुटावी तसं. विसंगतीच बरोबर.

शिक्षिका : संगती 'गम्' धातूची, सोबत जाणं; सुराचा संबंध नाही. आवाजच हवा तर 'ताळमेळ' घ्या, त्यात ताल तरी आहे.

संस्कृतवाले : बरं, पण तफावत अरबी. 'अंतर' आपलं असताना उसनं कशाला?

निवृत्त कॅशियर : मग हिशेब, रक्कम, जमा, खर्च हेही काढा, आणि अहवाल लिहून दाखवा. अंतर ठाणे-कल्याणचं असतं, पैशांचं नाही.

उर्दू शिकणारा : तफावतीचा अरबी धातू 'फौत'चाच आहे, निसटून जाणं. दोन गोष्टींमधून काही निसटलं की तफावत, माणूस गेला की फौत. तलाठ्याकडची फौती नोंद तीच.

शिक्षिका : अगंबाई! आजोबा गेल्यावर आजी वर्षभर विचारायची, "फौती झाली का रे?" मला वाटायचं फौती म्हणजे एखादा विधी. सातबाऱ्यावर तिचं नाव चढलं तेव्हा तिने तो कागद देवापुढे ठेवला होता.

भाषांतर करणारी : तफावत काकांना चालेल. पण 'जुळायला हवं होतं' हे त्यात येत नाही ना? सध्या 'ताळा जुळत नाही' असं लिहून ठेवलंय.

निवृत्त कॅशियर : ताळा नको. शाळेतला नवाचा ताळा आठवा, अंकांची बेरीज करून हिशेब पडताळायचा तो : ४५ च्या जागी ५४ पडले तरी तो जुळतो. आणि हो, अंक उलटले की फरक नेहमी नवाच्या पटीत येतो, आणि ५४० ला नवाने भाग जातो! बहुतेक शेजारचे दोन अंक उलटे पडलेत. १,८२० ची एखादी पावती वहीत १,२८० म्हणून चढलीय का, ते काकांना आधी बघायला सांगा.