प्रतिसाद: थाई करीचं सामान रत्नागिरीत
लेमनग्रास मिळत नाही म्हणून थाई करीचा बेत रद्द कशाला करताय? गवती चहा चालतो की, फक्त बाजारातली जुडी नुसत्या पातीची असते आणि करीला लागतो बुडाचा पांढरट दांडा, तेव्हा कुणाच्या परड्यातला ठोंब मुळासकट मागून घ्या नि दांडा ठेचून टाका. नारळाच्या दुधाचा टिन कोकणात राहून कुणी घेऊ नये (स्पष्ट मत!). आपण नारळाचा रस फुटू नये म्हणून जपतो, इथे उलट, जाड रस तेल सुटेस्तोवर आटवायचा आणि त्यातच करीची पेस्ट (वाटलेला थाई मसाला) परतायची. श्रिंप पेस्टऐवजी (आंबवलेल्या कोळंबीची पेस्ट) मी भाजलेला जवळा कुटून घालते, आंबवलेला वास येत नाही पण भागतं. गलांगलचं (आल्यासारखा दिसणारा कंद) काम आल्याने होत नाही हो, गलांगल आणि फिश सॉस (आंबवलेल्या माशांचा खारट सॉस) ऑनलाइनच मागवा.