कुरणातलं तण : उपटायचं की राहू द्यायचं?

रवंथ :
कुरणात गवताखेरीज काही उगवलं की लगेच फवारणीचा पंप पाठीवर घ्यायचा, ही घाई मला चुकीची वाटते. केना, घोळ यांसारखी तणं कोवळी असताना गुरं आवडीने खातात, आणि जून, काडी झालेल्या गवतापेक्षा त्यांत प्रथिनं जास्त असतात. कडू किंवा उग्र वासाचं झाड गाय सोडून देते. चराई झाल्यावर कुरणात एक फेरी मारा. गवत बुडापर्यंत खाल्लेलं आणि मधोमध गाजरगवत जसंच्या तसं उभं, हेच दृश्य दिसेल. गुरं तणाने मरतात, हे म्हणणं फार वाढवून सांगितलेलं आहे. मूळ दुखणं अतिचराईचं आहे. जमीन उघडी पडली की तण येणारच.

खुरपं :
असहमत. गाजरगवत जसंच्या तसं उभं राहिलं, म्हणजे त्याने बीही धरलं. एका झाडाचं हजारो बी पडतं. पुढच्या खेपेला गवत आणखी विरळ होतं आणि निवडीला वाव राहत नाही. शिवाय गाय चरते कशी, ते पाहा. शेळी ओठांनी पान-पान वेचते. गाय जिभेचा विळखा घालून झुबका ओढते, त्यात गवताबरोबर जे असेल ते पोटात जातं. दुभत्या गायीने गाजरगवत थोडं जरी खाल्लं तरी दुधाला कडवट वास येतो. चाऱ्यात त्याचं प्रमाण बरंच वाढलं तर तोंडात आणि आतड्यात व्रण होतात, जनावर दगावूही शकतं.

घाणेरीचं (लँटानाच्या झुडपाचं) तर विचारूच नका. ताजा पाला वजनाच्या सुमारे 1 टक्का पोटात गेला तरी विषबाधा होऊ शकते, म्हणजे 400 किलोच्या गायीला साधारण 4 किलो. त्यातली विषं यकृतातून पित्त बाहेर पडणं अडवतात. हिरव्या चाऱ्यातल्या हरितद्रव्यापासून कोठीपोटात (गायीच्या पहिल्या, सर्वात मोठ्या पोटात) तयार होणारा एक घटक एरवी पित्तावाटे निघून जातो. तो रक्तात साठतो आणि उन्हात कातडी भाजते. आधी खाणं कमी होतं, शेण घट्ट होतं, रवंथ थांबतो. मग डोळ्यांचा पांढरा भाग पिवळा पडतो, मुसकट लाल होऊन त्याला भेगा जातात, सडांची आणि पांढऱ्या ठिपक्यांवरची कातडी सोलून निघते. काळ्या ठिपक्यांवर मात्र काही दिसत नाही. याला ऊन लागलं म्हणून मलम चोळत बसणं ही हमखास होणारी चूक. कोठीपोट मंदावल्यामुळे आतला पाला विष सोडतच राहतो. तो निष्क्रिय केल्याशिवाय जनावर सुधारत नाही.

रवंथ :
घाणेरीबद्दल वाद नाही, ती कुरणात नकोच. पण कोणती गुरं घाणेरी खातात, तेही सांगा की. जिथे ती वाढते तिथेच लहानाची मोठी झालेली गुरं सहसा तिला तोंड लावत नाहीत. बाहेरून आणलेलं, वाहनातून उपाशी उतरवलेलं जनावर थेट झुडपांत सोडलं की घात होतो. नवी गुरं आली की आधी पोटभर सुकी वैरण आणि पाणी द्या, दोन-तीन दिवस दावणीला ठेवा, मगच सोडा. एवढं केलं तरी निम्मा धोका टळतो. तण तेच, जनावर तेच, फरक फक्त भुकेचा.

दावण :
दोघेही उभ्या कुरणाबद्दल बोलताय, पण जास्त फसगत कापलेल्या चाऱ्यात होते. झाड वाळलं की वास आणि कडूपणा उतरतो, विष मात्र तसंच राहू शकतं, आणि कुटी केल्यावर गायीला निवडताही येत नाही. ‘वाळवलं की विष जातं’ हे अर्धवट ज्ञान आहे. बरू (ज्वारीच्या जातीचं रानगवत) किंवा ज्वारीच्या कोवळ्या फुटव्यातलं सायनाइड चांगलं वाळवल्यावर खूप कमी होतं. काटेमाठातलं नायट्रेट वाळवूनही जात नाही. मूरघासात, म्हणजे हवाबंद आंबवलेल्या चाऱ्यात, ते बऱ्यापैकी उतरतं. खुळखुळा या शेंगांच्या तणातलं यकृताला पोखरणारं विष वाळलेल्या चाऱ्यातही टिकतं. त्याचा परिणाम काही आठवड्यांनी, कधी महिन्यांनी दिसतो, म्हणून दोष भलत्याच गोष्टीला जातो.

बरू आणि काटेमाठ यांच्यातला फरक रक्तावरून ओळखता येतो. सायनाइडमध्ये रक्त लालभडक, नायट्रेटमध्ये चॉकलेटसारखं तपकिरी. डॉक्टरांना फोनवर हे आधी सांगा, कारण पहिल्याला सोडियम थायोसल्फेट लागतं, दुसऱ्याला मेथिलीन ब्लू. दोन्हींत वेळ मिनिटांचाच असतो.

रवंथ :
दावण, हे पटलं. वाळल्या चाऱ्याचा मुद्दा माझ्या लिहिण्यात नव्हताच. म्हणजे कापणीआधी कुरणात फिरून खुळखुळा हाताने उपटणं गरजेचं, शेंगा धरायच्या आत.

खुरपं :
हाताने उपटणं छोट्या तुकड्यात ठीक आहे. सगळं कुरण भरलं असेल तर फवारणीला पर्याय नाही.

दावण :
फवारणीतच एक सापळा आहे. 2,4-डी हे तणनाशक मारलेलं रुंद पानांचं तण कोमेजताना काही वेळा गोडसर होतं. एरवी न खाल्लं जाणारं झाड गुरं मग चवीने खातात. काही तणांत त्याच सुमारास नायट्रेटही वाढतं. म्हणून लेबलवर जनावरं दूर ठेवायचे जेवढे दिवस लिहिलेत तेवढे थांबायचंच, आणि ते संपले तरी विषारी तण पूर्ण मरून, वाळून झडेपर्यंत गुरं सोडायची नाहीत. खुळखुळा वाळला तरी विषारी, तेव्हा तो गोळा करून बाहेरच काढावा लागतो.

खुरपं :
मान्य. पण वेळेचं गणित पाहा. शंकेश्वर या काटेरी फळांच्या तणाचं रोप दोन बीजदलांवर असताना सर्वात घातक असतं. खरी पानं आली की जोर पटकन उतरतो. पाणी ओसरलेल्या ओल्या कडेला ती रोपं दाट उगवतात, आणि पहिली हिरवळ म्हणून वासरं तिथेच तुटून पडतात. गुरं आपली आपण शहाणी असतात, हे तत्त्व इथे कामाचं नाही. त्या पट्ट्याला आठ-दहा दिवस कुंपण घाला, नाहीतर रोपं खुरपून टाका.

रवंथ :
कुंपण घाला, हरकत नाही. पण बाकीच्या कुरणात चार बोटं गवत राखून गुरं हलवलीत, तर पुढच्या हंगामात खुरपायला तण कमी असेल. उघड्या जमिनीत तणाचं बी जसं रुजतं, तसं दाट गवताच्या सावलीत रुजत नाही.

दावण :
घाणेरी खाल्ल्याची शंका आली तर : जनावर लगेच सावलीत, पाणी समोर, घाणेरीपासून दूर. डॉक्टर नळीने सक्रिय कोळसा देतात, वजनाच्या दर किलोला सुमारे 5 ग्रॅम, म्हणजे 400 किलोला 2 किलो, क्षारांच्या पाण्यात कालवून. नळी फुप्फुसात गेली तर जीव जातो, तेव्हा हे घरी करून पाहू नका. आणि मुसकटाची कातडी सुटेपर्यंत वाट पाहू नका. शेण घट्ट झालं आणि रवंथ थांबला की त्याच दिवशी बोलवा.