मदत हवी आहे: मुंबई इलाख्यातल्या स्त्री-मताधिकाराची कागदपत्रं

नमस्कार मंडळी. माझी पणजी पुण्याच्या सेवासदनात शिकली. तिच्या ट्रंकेत तळाशी, जुन्या नऊवारीच्या घडीत एक चौपदरी कागद सापडला. वर बाळबोधीत दोन ओळी, ‘बायकांस मत’ एवढंच नीट लागतं. खाली बावीस सह्या, चार अंगठे. एका अंगठ्याशेजारी दुसऱ्याच हाताने नाव लिहिलंय. घडीवर कागद तुटतोय.

1919 साली हेराबाई टाटा आणि त्यांची लेक मिठन लंडनला जाऊन मताधिकारासाठी झगडल्या आणि 1921 मध्ये मुंबई कौन्सिलने (इलाख्याच्या कायदेमंडळाने) स्त्रियांना मत दिलं (तेही मालमत्तेच्या अटीवर), इतकं ठाऊक आहे. पुण्यात रमाबाई रानडे या कामात होत्याच. पण आमचा कागद त्यातल्याच कुठल्या अर्जाचा की निराळा, हे कसं ठरवायचं?

मुंबईत एल्फिन्स्टन कॉलेजच्या इमारतीतल्या पुराभिलेखागारात कुणी असे अर्ज पाहिलेत का? कुठल्या खात्याच्या फायली मागवायच्या? दिल्लीला अखिल भारतीय महिला परिषदेचे कागद कुणी चाळलेत का? लंडनमध्ये कुणी असेल तर लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्समधल्या विमेन्स लायब्ररीत हेराबाईंचं नाव शोधून द्याल का?

आणि सगळ्यात आधी, हा कागद सांभाळू कसा? एकाने लॅमिनेशन सुचवलं, मी साफ नाही म्हटलं. सध्या सुती कापडात सपाट ठेवलाय. पुण्यात कागद-जतनाचं काम करणारं कुणी माहीत असेल तर कृपया लवकर सांगा, पावसाळा तोंडावर आलाय.