चिपवालं ओळखपत्र खिशात आलं, आता ते दाखवायचं कुणाला?

सेकंड_इंजिनिअर (धागाकर्ता)
काल इथे एकाने लिहिलं: "१८५ नंबरच्या करारामुळे खलाशाची व्हिसाची कटकट संपली. अजूनही कुरकुरणाऱ्यांना तंत्रज्ञानाचं वावडं आहे." वाचून डोक्यात सणक गेली. माझं पोटच यंत्रांवर चालतं, मला कसलं वावडं?

हा खलाशांच्या ओळखपत्राचा करार, आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेचा (आयएलओ). २००३ चा, अंमल २००५ पासून. पहिल्या आराखड्यात दोन बोटांचे ठसे बारकोडमध्ये कोंबले होते. बाकी जग मात्र चेहरा आणि चिपवाल्या पासपोर्टकडे निघालं होतं, त्यामुळे तो बारकोड वाचायची सोय सीमेवर शोधूनही सापडेना. २०१६ मध्ये आयएलओला उपरती झाली आणि पासपोर्टसारखीच चिप ठरली. ती दुरुस्ती लागू झाली २०१७ ला. तोवर ज्या देशांनी इमानदारीत जुनी कार्डं काढली, त्यांचा खर्च पाण्यात. आणि ११ सप्टेंबरच्या ज्या हल्ल्यानंतर हा सगळा खटाटोप सुरू झाला, तो झेललेल्या अमेरिकेने करार मान्यच केलेला नाही. तिथे आजही खलाशांचा वेगळा सी-१/डी व्हिसा लागतो. मग ही चिप काय गळ्यात लॉकेट म्हणून घालू?

कागदपत्रं_बघणारा
ते काल लिहिणारा मीच. अमेरिका म्हणजे जग नव्हे, साहेब. १९५८ चा १०८ नंबरचा करार आठवा. ओळखपत्र कसं दिसावं हे ज्या त्या देशावर सोडलेलं. कुणाची शिवलेली वही, कुणाचा फोटो चिकटवलेला कागद. इमिग्रेशनवाल्याने विश्वास कशावर ठेवायचा? आता चिपवर देशाची डिजिटल सही असते, मागे राष्ट्रीय डेटाबेस असतो, आणि कार्ड खरं की खोटं हे सांगायला चोवीस तास माणूस नेमावा लागतो. भारताने २०१५ मध्ये मान्यता दिली, २०२० मध्ये चेहऱ्याच्या बायोमेट्रिकचं कार्ड काढलं. कुणीतरी आधी सुरुवात करायलाच हवी ना?

दोरखंडवाला_बोसन
ठशांचं निघालंच आहे म्हणून सांगतो. वीस वर्षं दोर ओढले, गंज खरवडला, केमिकलने टाक्या धुतल्या. एका ठिकाणी यंत्रावर बोट ठेवलं तर पोरगी म्हणाली, "काका, नीट ठेवा." सात वेळा ठेवलं. शेवटी म्हणाली, तुम्हाला ठसेच नाहीत. ज्याने खलाशाच्या ओळखीसाठी बोटं निवडली, त्याने खलाशाचा हात कधी हातात घेतला नसणार.

थर्ड_मेट
चिप, बारकोड सगळं ठीक. पण तुमचं कार्ड आत्ता आहे कुठे? कप्तानाच्या तिजोरीत! करारातलं सातवं कलम म्हणतं, ओळखपत्र कायम खलाशाजवळच राहील. मास्टरने, म्हणजे कप्तानाने, सांभाळायला घ्यायचं तर खलाशाची लेखी संमती लागते. माझ्याकडे आजवर कुणी मागितलेली नाही. एका बंदरात पाच तास मोकळे मिळाले होते. गेटवर ओळखपत्र लागेल म्हणाले. तिजोरीची किल्ली मास्टरकडे आणि मास्टर रात्रभर जागून नुकताच झोपलेला. उठवायची हिंमत कुणाची? गँगवेवर, जहाजाच्या शिडीवर, उभं राहून गावातले दिवे मोजले.

मास्टर_सध्या_सुट्टीवर
झालं, शेवटी खलनायक कप्तानच! पहाटे तीनला अधिकारी चढतात, वीस-बावीस जणांची कागदपत्रं एकगठ्ठा टेबलावर हवी असतात. तेव्हा केबिन केबिन वाजवत फिरू का? माझ्या जहाजावरच्या एका पोराने पासपोर्ट टॅक्सीत विसरला. जहाज सुटायला चार तास होते. एजंटच्या शिव्या मी खाल्ल्या, ऑफिसला स्पष्टीकरण मी लिहिलं. तुम्ही दिवे मोजत होता तेव्हा मी काय मोजत होतो, ते विचारा.

थर्ड_मेट
एकाने हरवला म्हणून बावीस जणांचे जप्त? याला सांभाळणं नाही, ओलीस ठेवणं म्हणतात.

मास्टर_सध्या_सुट्टीवर
शब्द जपून वापरा. चार पट्ट्या खांद्यावर येऊ द्या, मग बोलू.

सेकंड_इंजिनिअर (धागाकर्ता)
अहो, धागा मान्यता न देणाऱ्या देशांवर आहे, तिजोरीवर नाही!

दोरखंडवाला_बोसन
तिजोरीवरच राहू दे. पगाराचा करार, सीडीसी (खलाशाच्या नोकरीची नोंदवही), पासपोर्ट, सगळं तिथेच जातं. पोरगा बरोबर बोलतोय.

किनाऱ्यावरची_बायको
२०२० मध्ये माझा नवरा नऊ महिन्यांच्या करारावर गेला आणि चौदाव्या महिन्यात परतला. तेव्हा चार लाखांवर खलाशी असे अडकले होते. ओळखपत्र, व्हिसा, कोविड चाचणी सगळं होतं त्याच्याकडे. उतरू दिलं? मुलीच्या वाढदिवसाला तो बंदरापासून दोन मैलांवर नांगर टाकून बसला होता. चिपमध्ये चेहरा साठवून ठेवलात, चांगलं केलंत. मुलगी तोच चेहरा फोनवर ओळखेना.

कागदपत्रं_बघणारा
ताई, वाईट वाटलं. पण तो दोष कार्डाचा नाही. सार्वजनिक आरोग्याच्या कारणावरून प्रवेश नाकारायची मुभा करारातच आहे.

किनाऱ्यावरची_बायको
म्हणजे दारही तुमचंच आणि कडीही तुमचीच. समजलं.

सेकंड_इंजिनिअर (धागाकर्ता)
हेच म्हणतोय मी! सहावं कलम सांगतं, शोअर लीव्हसाठी, म्हणजे बंदरात थोडा वेळ उतरायला, व्हिसा मागू नका. पण ते करार मानणाऱ्यांनाच लागू. क्रू चेंजला, म्हणजे जहाजावर चढ-उतर करताना, तर पासपोर्टही जोडावा लागतो. म्हणजे व्हिसाची कटकट संपली हे तुमचं वाक्य अर्धंच खरं.

कागदपत्रं_बघणारा
बरं, घ्या. "मान्यता दिलेल्या देशांत, शोअर लीव्हपुरती, तीही परवानगी मिळाल्यास." आता झोप लागेल? तरी माझा प्रश्न राहतोच. उद्या सगळ्या देशांनी सही केली तरी तुम्ही उतरणार कधी? कंटेनरची बोट धक्क्यावर दिवसभरही थांबत नाही. त्यात कार्गो वॉच (मालावर पहारा), बंकरिंग (इंधन भरणं), सर्व्हे.

सेकंड_इंजिनिअर (धागाकर्ता)
हे मात्र खरं बोललात. चुकून असेल.

मास्टर_सध्या_सुट्टीवर
सातवं कलम आत्ता उघडून वाचलं. लेखी संमतीचं लिहिलंय खरं. थर्ड मेटची भाषा मला अजूनही पटलेली नाही, हे नोंदवून ठेवतो. पुढच्या महिन्यात जॉइन होतोय, संमतीपत्राचा नमुना कुणाकडे असेल तर टाका. आणि बोसन, तुम्ही माझ्याच बोटीवर आलात तर सहीच करा, अंगठा नको.