मनाला बसलेल्या धक्क्याचे पैसे गुन्हेगाराकडून घ्यावेत का?

कडीकोयंडा:
घरफोडीत दागिने गेले तर कोर्ट त्यांची किंमत भरून द्यायला लावतं, हात मोडला तर दवाखान्याचं बिल. पण त्यानंतर जी बाई रात्री तीनदा उठून कडी चाचपून बघते तिचं काय? न्यूझीलंडच्या २००२ च्या शिक्षेच्या कायद्यात भावनिक हानीची भरपाई गुन्हेगाराने द्यायची असं सरळ लिहिलंय. सगळीकडे असंच पाहिजे, माझं तर स्पष्ट मत आहे.

नाकासमोर:
मोजणार कसं पण? हाडाचा एक्सरे निघतो, भीतीचा नाही. जो कोर्टात ढसाढसा रडेल त्याला जास्त आणि जो दातओठ खाऊन गप्प बसेल त्याला कमी, असंच होणार. वर समोरचा वकील उलटतपासणीत झोपेच्या गोळ्यांची जुनी चिठ्ठी काढणार, की बाई तुम्हाला तर आधीपासूनच झोप येत नव्हती.

कडीकोयंडा:
काढू दे की. इंग्लंडच्या कॉमन लॉमध्ये, म्हणजे कोर्टाच्या निकालांतून घडत आलेल्या कायद्यात, जुना नियमच आहे, समोरच्याची कवटी अंड्याच्या कवचाएवढी नाजूक निघाली तरी मारणाऱ्याची सुटका नाही. मनालाही तेच लावायचं. नाहीतर अमेरिकेसारखं होतं, तिथल्या १९९६ च्या सक्तीच्या भरपाईच्या फेडरल कायद्यात मानसोपचाराचा खर्च मिळतो तो शरीराला इजा झाली असेल तरच. म्हणजे कपाळाला बंदूक लावली पण खरचटलं नाही तर काही झालंच नाही??

रात्रपाळी:
दोघांनाही एक विचारते, पैसे येणार कुठून? बहुतेक आरोपी कफल्लक. माझ्या बहिणीच्या केसमध्ये कोर्टाने हप्ते बांधून दिले, छान वाटलं ऐकायला, मग दर महिन्याला मोबाईल वाजायचा, अमुक रक्कम जमा, आणि खाली त्याचं नाव. दोन-तीन दिवस ती धड जेवायची नाही. शेवटी तिने ते खातंच बंद केलं. भरपाई हवी, पण ती सरकारने द्यावी आणि त्याच्याकडून वसूल करत बसावं. नेदरलँड्समध्ये आहे तसं, निकाल पक्का झाल्यावर आठ महिन्यांत हिंसक गुन्ह्यातल्या आरोपीने पैसे भरले नाहीत तर सरकार आगाऊ देतं. खरं तर मी तर म्हणते आठ महिने तरी कशाला थांबायचं.

नाकासमोर:
म्हणजे दंड करदात्याला! वा.

रात्रपाळी:
तुरुंगात त्याला जेवण कोण घालतं मग?

कडीकोयंडा:
हप्त्यांचं माझ्या डोक्यातच आलं नव्हतं, मान्य. सरकारने आधी द्यावं.

नाकासमोर:
बरं, तेवढ्यापुरतं मीही मानतो. पण रक्कम ठरवायला तिला परत पहिल्यापासून सगळं सांगायला लावणार असाल तर माझा विरोध कायम. ओळखीतल्या एकीने तेच पोलिसांना, डॉक्टरला, वकिलाला, कोर्टात असं चारदा सांगितलं. पाचव्यांदा बोलावलं तेव्हा म्हणाली, राहू द्या तुमचे पैसे.