कानात सतत सूं आवाज: रात्री ऐकायला संथ इलेक्ट्रॉनिक अल्बम सुचवा

नमस्कार मंडळी. जरा सविस्तर लिहिते, म्हणजे सुचवणाऱ्यांना अंदाज येईल.

गेल्या दिवाळीपासून माझ्या डाव्या कानात बारीक सूं आवाज येतो. कुकरची शिट्टी व्हायच्या आधी वाफ निघते ना, तसा. सगळ्या तपासण्या झाल्या, ऐकू नीट येतं, काळजीचं काही निघालं नाही. डॉक्टरांनी एकच सांगितलं: अगदी निःशब्द खोलीत बसू नका, मागे काहीतरी हळू चालू ठेवा. कानातला आवाज पूर्ण झाकायचा नाही, त्याच्यापेक्षा किंचित खालीच ठेवायचं. दिवसा प्रश्न येत नाही. पंखा, रस्ता, शेजारचा मिक्सर असतोच. पण मी यंत्रांच्या माहितीपुस्तिकांचं भाषांतर करते आणि ते काम रात्री दहा ते एकमध्येच होतं. घर झोपलं की तो सूं समोर येऊन बसतो.

पावसाचे, समुद्राचे आवाज लावून पाहिले. चार दिवसांत विटले. ख्याल लावला तर मी काम सोडून गाण्यातच जाते. मग भाच्याने सांगितलं, "मावशी, डाउनटेम्पो ऐकून बघ." मिनिटाला साधारण ७० ते १०० ठोके, सिंथेसायझर, खालच्या सुरात चालणारा बेस, घाई कशालाच नाही. मला हे एकदम पटलं. विलंबितात मोठे झालेल्या कानाला ही चाल परकी वाटत नाही.

आयत्या प्लेलिस्ट मात्र नकोत. एक गाणं हळू, पुढचं दणकन मोठं, मधे जाहिरात, आणि दोन गाण्यांमधल्या शांततेत सूं परत हजर. अल्बममध्ये कोणीतरी बसून क्रम लावलेला असतो, आवाजाची पातळी सांभाळलेली असते. म्हणून अख्खे अल्बमच हवेत.

आतापर्यंत काय ऐकलं ते सांगते.

एअर या फ्रेंच जोडीचा 'मून सफारी' (१९९८). पहिलंच वाद्यसंगीत सात मिनिटांचं, त्यातला बेस असा निवांत चालतो की खांदे आपोआप खाली येतात. पुढे गाणी येतात, शब्द येतात, आणि शब्द आले की माझं वाक्य अडतं.

बोर्ड्स ऑफ कॅनडा यांचा 'म्युझिक हॅज द राइट टु चिल्ड्रन', हाही १९९८चाच. नावात कॅनडा असलं तरी हे दोघे स्कॉटलंडचे भाऊ. आपल्याकडे कॅसेटची फीत ताणली गेली की सूर कसा हेलकावायचा, तसा सूर यांनी मुद्दाम ठेवलाय. मला लहानपणीचा टेपरेकॉर्डर आठवला, बोटाने बटण दाबल्यावर येणाऱ्या खट आवाजासकट. फार सुंदर अल्बम आहे. पण मधेमधे बोलण्याचे कापलेले तुकडे येतात, त्याने रात्री दचकायला होतं.

ब्रायन ईनोचा 'म्युझिक फॉर एअरपोर्ट्स' (१९७८) सगळेच सुचवतात. अप्रतिम आहे, पण त्यात ठेका नाही. दोन स्वरांमधे जागा इतकी की तिथे माझा सूं शिरतो. मला हलका का होईना, ठेका लागतो. हे मला स्वतःलाही तेव्हाच कळलं.

बोनोबोचा 'ब्लॅक सँड्स' (२०१०) जवळजवळ जमला. शेवटचं शीर्षकगीत, गिटार आणि फुंकवाद्यांचं, मी रोज काम संपवताना लावते. टायकोचा 'डाइव्ह' (२०११) मात्र पूर्ण जमला. गिटार आणि सिंथ, गायन जवळपास नाहीच, एकाच उजेडात सगळा अल्बम. गेले तीन आठवडे तोच चालू आहे आणि आता पाठ झालाय, म्हणून हा धागा.

तर हवं असं: गाणारा आवाज नको किंवा अगदी मागे हवा. ठेका हवा, पण झांजेसारखे तीक्ष्ण आवाज कमी, कारण ते नेमके माझ्या सूंच्याच पट्टीत बसतात आणि त्याला जागं करतात. खालचे, उबदार सूर जास्त. अचानक मोठं होणारं काही नको. आई शेजारच्या खोलीत झोपते, त्यामुळे छोट्या स्पीकरवर हळू लावूनही भरलेलं वाटलं पाहिजे. हेडफोन मला चालत नाहीत, कान बंद झाला की आवाज वाढल्यासारखा वाटतो.

ज्यांना असाच त्रास आहे त्यांनी काय ऐकता ते जरूर लिहा. तुमच्या सूचना मला सगळ्यात मोलाच्या.

भर, रविवार रात्र: इतक्या जणांनी लिहिलंत, खूप आभार. ग्लोबल कम्युनिकेशनचा '७६:१४' (१९९४) ज्यांनी सुचवला त्यांना खास नमस्कार. गाण्यांना नावं नाहीत, प्रत्येकाची लांबी हेच नाव. '१४:३१'मध्ये मागे घड्याळाची टकटक चालू राहते. तेवढ्या ठेक्यावर माझं दीड पान झालं आणि मधे एकदाही कानाकडे लक्ष गेलं नाही. कितीतरी महिन्यांनी.

कर्श काळे यांचा 'रिअलाइझ' (२००१) सुचवणाऱ्यांनी ते मराठी आईवडिलांचे, न्यूयॉर्कमध्ये वाढलेले असं लिहिलंत. तबला ऐकून आनंद झाला, पण तो पुढे येऊन बोलतो. तो सकाळी स्वयंपाकाच्या वेळी लावला.

आणि फोर टेटचा 'मॉर्निंग/ईव्हनिंग' (२०१५). दोनच तुकडे, प्रत्येकी सुमारे वीस मिनिटांचे. पहिल्यात ठेक्यामधून लताबाईंचा आवाज वर आला आणि मी कीबोर्डवरून हात काढून घेतला. वीस मिनिटं नुसती बसून होते. कामासाठी हा चालणार नाही हे उघड आहे, पण शनिवारी रात्री काम नसताना ठेवून दिलाय.

आता एवढंच विचारायचंय: '७६:१४'च्या जातीचं, मागे टकटकीसारखा एखादाच ठेका असलेलं, तासभर चालणारं आणखी काय आहे? आणि सरोद किंवा बासरी घेऊन कोणी असं संथ, बिनशब्दांचं केलंय का?