बाळाची कार सीट: चालकाशेजारी की मागे?

प्रश्न (घोडबंदर रोड, ठाणे): आमचे बाळ पाच महिन्यांचे असून त्याला घेऊन आम्ही गाडीने वाशीला आजीकडे जातो. बाळ नजरेसमोर राहावे म्हणून मागे तोंड असलेली त्याची सीट चालकाशेजारी लावावी, असे यजमान म्हणतात. पण तिथे एअरबॅग आहे. सासूबाईंना तर मांडीच बरी वाटते.

उत्तर (नेरूळ): ताई, कृपा करून तिथे लावू नका. एअरबॅग डोळ्याची पापणी लवायच्या आत फुगते आणि तिचा तडाखा थेट सीटच्या पाठीवर, म्हणजे बाळाच्या डोक्यामागेच बसतो. सीट मागच्या आसनावर, आयसोफिक्सची, म्हणजे बालसीट अडकवण्यासाठी गाडीच्या आसनातच बसवलेली, कडी असल्यास त्यांतच अडकवा.

उत्तर (कोपरी, ठाणे): खांद्यावरचा पट्टा चिमटीत धरून पाहा, तो दुमडला गेला, तर सैल आहे. जाड दुपटे पट्ट्याखाली नको, वरून पांघरा. मांडीवरचे बाळ धडकेच्या वेळी कितीही घट्ट धरले तरी हातांत राहत नाही, हे सासूबाईंना प्रेमाने समजावून सांगा.

उत्तर (ऐरोली): २०१९ च्या दुरुस्तीने मोटार वाहन कायद्यात आलेल्या कलम १९४ ब नुसार, चौदा वर्षांखालील मुलाला पट्ट्याने किंवा बालआसनात सुरक्षित न बसवल्यास १,००० रुपये दंड आहे. युरोपातील आर१२९ नियमानुसार बनवलेल्या सीटमध्ये बाळाचे तोंड किमान १५ महिन्यांपर्यंत मागेच ठेवावे लागते. तुम्हीही घाई करू नका.